तापीकाठची इस्टेट

सुरतेचे नाव निघाले की महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याच्या तोंडी पहिल्याने १६६४ हे साल येते, आणि सुरतेत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडे तो किंचित मिस्किल नजरेने पाहू लागतो. आम्हीही हसतो आणि त्याच्यापुढे लोचोची बशी सरकवतो. त्या स्वारीनंतर तापीतून पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. गेल्या शतकभरात सुरतेवर जी मराठी माणसे चालून आली ती घोड्यावर बसून नव्हे, तर भुसावळ-सुरत रेल्वेच्या साध्या डब्यात ट्रंकेवर बसून. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार इकडची ही माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. मागावर, गिरणीत, लेथवर त्यांनी हात चालविले. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकली. अशाच एका खानदेशी कुटुंबाची, म्हणजे आमचीच, एक जुनी मोटार आणि तिच्यासह केलेला एक प्रवास यांविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

मोटार म्हणजे टाटांची इस्टेट. जातीने ती ‘स्टेशन वॅगन’. हा शब्द मूळचा अमेरिकेतला. आगगाडीच्या स्टेशनावरून उतारू आणि त्यांचे सामान घरी नेणारी, मागे ऐसपैस जागा असलेली गाडी, असा त्याचा सरळ अर्थ. सुरतेला स्टेशनाचे नवल जुनेच. मुंबई, बडोदे अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला तुकडा १८६० साली सुरू झाला तो अंकलेश्वरपासून तापीच्या पलीकडच्या उत्राणपर्यंत. मात्र आपल्या देशात स्टेशन वॅगनचा म्हणावा तसा प्रसार झाला नाही. अँबॅसडरची तशी आवृत्ती होती. फियाटच्या काही गाड्यांनाही मागे लांब छप्पर चढविलेले जुन्या लोकांना आठवत असेल. पण मोठ्या उमेदीने अशी गाडी बाजारात आणली ती टेल्कोने, १९९२ साली, पुण्याच्या कारखान्यातून. ‘टाटामोबाईल’ नावाच्या सामानवाहू पिकअपच्या सांगाड्यावर ती बेतलेली होती. इंजिन १९४८ घनसेंटिमीटरचे, डिझेलवर चालणारे आणि सत्तरीच्या आतल्या अश्वशक्तीचे. अंगाने मोठी, चालीने शांत. पुढे टर्बो जोडलेली, नव्वदीच्या घरातील शक्तीची आवृत्तीही आली. पण शतक सरता सरता इस्टेटीचे उत्पादन थांबले आणि रस्त्यावरूनही ती हळूहळू दिसेनाशी झाली.

आमच्या थोरल्या बंधूंनी, ज्यांना सारे अण्णा म्हणत, ही गाडी १९९६ साली घेतली. ते मागाचे सुटे भाग करीत. मागच्या दाराने लोखंडी सामान आत सरकविता यावे आणि रविवारी त्याच जागेत मुलांना बसविता यावे, एवढाच त्यांचा हिशेब. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आमचे घर अडाजणला. पाणी चढण्यापूर्वी अण्णांनी गाडी उंच रस्त्यावर नेऊन ठेवली, म्हणून ती वाचली. पाणी ओसरल्यावर पुढचा आठवडाभर हीच गाडी पिण्याच्या पाण्याची पिंपे, मेणबत्त्या आणि फूड पॅकेटे वाहत गल्लोगल्ली हिंडली. आमच्या सोसायटीतील गुजराती शेजारी आजही तिला ‘पूरवाळी गाडी’ म्हणतात.

अण्णा गेले आणि गाडी दारात उभी राहिली. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून तिचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, आणि पुढे वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. नूतनीकरणाची तारीख जवळ येत चालली तसा घरात प्रश्न उभा राहिला : गाडी ठेवावी की भंगारात द्यावी?

पुतण्याने तिसराच मार्ग काढला. तो इंजिनियरिंगला. त्याचे म्हणणे, गाडी ठेवायची, पण अशी करायची की लोकांनी मान वळवून पाहावे. टर्बोचे इंजिन बसवायचे, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणायची, रुंद टायर घालायचे, सायलेन्सर मोकळा करायचा. “काका, परदेशात स्टेशन वॅगनच्या शर्यती लागतात,” असे तो म्हणाला, आणि ते अगदीच खोटे नव्हते. १९९४ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्व्होने आपली ‘८५०’ ही चक्क कुटुंबाची लांब गाडी उतरविली होती, आणि रिकार्ड रिडेल व यान लॅमर्स यांनी ती हंगामभर चालविली. पुढच्या वर्षी मात्र कंपनीने सेडान पसंत केली. त्याच सुमारास ऑडीने पोर्शच्या साहाय्याने ‘आर.एस. २’ नावाची स्टेशन वॅगन काढली. तिचे पाच सिलिंडरांचे इंजिन तीनशेहून अधिक अश्वशक्तीचे. मागे मुलांची सायकल आणि पुढे शर्यतीचे यंत्र, असा तो थाट. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर साध्या फियाट गाड्या सुधारून धावडविल्याच्या आठवणी मोटारशौकीन अजून सांगतात.

वहिनी हे सारे ऐकत होत्या. गाडी त्यांच्या मालकीची. त्या आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांच्या माघारी मला गाडी विकायची नाही. पण रात्री ती डुमसच्या रस्त्यावर पळणार असेल, तर उद्याच भंगारवाल्याला बोलवा.”

डुमसचा रस्ता म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांस सांगावयास हवे. शहरातून पिपलोद, मगदल्ला असा तो रुंद रस्ता काळ्या वाळूच्या डुमसच्या किनाऱ्याकडे जातो. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सारी सुरत त्याच्या कडेला चादरी अंथरून घारी आणि भुसू खात बसते. एरवीच्या संध्याकाळी लोक डुमसची टमाट्याची भजी खावयास जातात. पण रात्र चढली की त्याच मोकळ्या सरळ रस्त्यावर काही तरुणांना वेगाची खुमखुमी येते. पुतण्याच्या वर्गातील एक मुलगा अशाच एका रात्री पायाची दोन हाडे मोडून घेऊन सहा महिने अंथरुणावर होता. वहिनी त्याला डबा नेऊन देत असत. त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर पुतण्याने उलट उत्तर केले नाही.

मग आम्ही दोघे, काका-पुतणे, उधन्याच्या एका मिस्त्रींकडे गेलो. उधना उद्योगनगर आणि त्याच्या भोवतीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सुरत कळली असे आम्ही म्हणणार नाही. हिरे आणि साड्या यांचे कौतुक सर्वत्र होते. पण या शहराचा गाडा चालतो तो लेथ, वेल्डिंग आणि कानस यांच्या जोरावर. माग बंद पडला तर नवा भाग येईपर्यंत थांबणे इथल्या धंद्याला परवडत नाही. तो भाग इथेच घडवितात किंवा जुन्याचा नवा करतात. मोडलेली वस्तू पाहिली की फेकण्याआधी ती उलटून बघावयाची, ही इथली सवय आहे. मिस्त्रींनीही आमची इस्टेट तशीच चारी बाजूंनी पाहिली, खाली वाकून पाहिली आणि पुतण्याची यादी शांतपणे ऐकून घेतली.

ऐकून झाल्यावर त्यांनी प्रथम नोंदणीचे पुस्तक मागितले. त्यात इंजिनाचा आणि चासिसचा क्रमांक असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. दुसरे इंजिन घालावयाचे तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी आणि नंतर पुस्तकात नोंद हवी. “ते सारे केले तरी,” मिस्त्री म्हणाले, “टर्बो नुसता बसवून भागत नाही.” बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, ते आत येणारी हवा दाबून भरते. जास्त हवा म्हणून जास्त डिझेल जळते आणि शक्ती वाढते. पण त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो. तो पिस्टनने, हेडच्या गॅस्केटने, क्लचने आणि शेवटी ब्रेकने सोसावयाचा असतो. कंपनी टर्बोची गाडी काढते तेव्हा या साऱ्याचा मेळ घालते. गल्लीत बसविलेल्या टर्बोचा मेळ कोण घालणार?

आणि मग ते गुजरातीत जे बोलले ते पुतण्याने आपल्या वहीत लिहून घेतले : “पहेलां रोकतां शीखो, पछी दोडजो.” आधी थांबवावयास शिका, मग धावा.

कामाचा क्रम त्याप्रमाणेच ठरला. पहिल्याने टायर. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण शिक्का पाहता ते म्हातारे झालेले. रबर कठीण होऊन बारीक चिरा पडलेल्या. कंपनीने नेमलेल्या मापाचेच चार नवे रेडिअल टायर आले. दुसऱ्याने ब्रेक. ब्रेकचे ऑइल हवेतील ओल शोषून घेते, मग ते कमी उष्णतेला उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. ही गोष्ट सपाट सुरतेत कळत नाही, घाटात कळते. जुने ऑइल काढून नवे भरले, रबरी नळ्या बदलल्या, ड्रम साफ केले.

तिसऱ्याने गाडीचे सांधे : शॉक अब्सॉर्बर, रबरी बुश, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट. पंचवीस-तीस वर्षांत हे रबर पिचून जाते आणि गाडी वळणावर अंग टाकते; चालविणाऱ्यास वाटते की गाडीच तशी. तिचे इंजिन पुढे सुमो गाडीतही वापरलेले असल्यामुळे इंजिनाचे भाग मिळावयास अडचण पडली नाही. सुमो हे नाव टेल्कोचे धुरीण सुमंत मुळगावकर यांच्या नावातील अक्षरांवरून आलेले. सांध्यांचे भाग मात्र मिळेनात. त्यातले दोन बुश उधन्याच्याच एका कारागिराने नमुन्यावरून करून दिले. अण्णा असते तर त्यांनी ते स्वतः केले असते, असे आमच्या मनात आले. पुतण्याच्याही आले असावे, कारण तो त्या लेथपाशी बराच वेळ उभा होता.

चौथ्याने इंजिन. तेच, पुस्तकात लिहिलेले. डिझेलचा पंप आणि चारी इंजेक्टर तपासून जुळवून घेतले, वॉल्व्हचे अंतर नीट केले, हवेचा फिल्टर बदलला. पूर्वी चढावर मागे काळा लोट निघे, त्याला पुतण्या इंजिनाचा जोर समजे. मिस्त्री म्हणाले, “हा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. पैसे तुमचे, खोकला मागच्या माणसाचा.”

पाचवे काम पुतण्याने एकट्याने केले, ते म्हणजे गाडी हलकी करणे. शक्ती वाढविता येत नसेल तर ओझे कमी करावे, हे गणित त्याने पुस्तकात वाचले होते. छपरावरचे लोखंडी कॅरिअर, मागची भली मोठी ध्वनिपेटी, जाड रबरी चटया, वर्षानुवर्षे साठलेले पाने-पक्कड आणि पुढचा लोखंडी गार्ड त्याने काढला. असे गार्ड कायद्यात बसत नाहीत, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते. हे सारे भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले तेव्हा एक्क्याण्णव किलो भरले. एक चांगला धष्टपुष्ट माणूस आम्ही इतकी वर्षे विनाकारण छपरावर आणि डिकीत बसवून हिंडवीत होतो म्हणावयाचे!

गाडीची परीक्षा कोठे घ्यावयाची, हे वहिनींनी ठरविले. आमचे कुलदैवत सप्तशृंगी. सुरतेहून गडावर जावयाची वाट सापुताऱ्याच्या घाटातून जाते. पौषातल्या एका पहाटे आम्ही निघालो. बारडोलीच्या वाटेला दोन्ही बाजूंस ऊस उभा होता. शहराबाहेर पोंकाच्या टपऱ्या लागल्या होत्या. पोंक म्हणजे आपला हुरडाच. इथे तो शेव आणि लिंबू-मिऱ्याच्या गोळ्यांबरोबर खातात, एवढाच फरक. उनाईस गरम पाण्याच्या कुंडांपाशी थोडे थांबून आम्ही वघईस आलो. बिलिमोऱ्याहून येणाऱ्या अरुंद मापाच्या रेल्वेचे हे शेवटचे स्टेशन. इथून डांगचे जंगल लागते : साग, बांबू, कोरड्या पानांचा वास, आणि मधून मधून कौलारू घरे. रस्ता हळूहळू वळणे घेऊ लागतो.

सापुतारा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. या घाटात बसगाड्या दरीत कोसळून माणसे दगावलेली आहेत, त्यामुळे कठड्याशी जाताना आपोआप बोलणे थांबते. पुतण्या गाडी चालवीत होता. पूर्वी ज्या चढावर अण्णांना दुसऱ्या गिअरवर यावे लागे तेथे गाडी तिसऱ्यावर चढली. पण आम्हांस जाणवले ते वेगळेच. वळणावर ती पूर्वीसारखी लोंबकळत नव्हती; चाक वळवावे आणि तिने लगेच ऐकावे, अशी चालत होती. मागे बसलेल्या वहिनींच्या हातातील पाण्याचा पेला हिंदकळला नाही. पुतण्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आम्ही आरशात पाहिला. वेगाचा काटा तेव्हा चाळिसाच्याही खाली होता.

या आनंदाचे कारण त्यानेच आम्हांस समजावून दिले. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्या अंगातील ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून चाळिसाऐवजी ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी थांबवावयास ब्रेकला चौपट काम पडते. सरळ रस्त्यावर ऐंशीने जाण्यात चालविणाऱ्याचे कौशल्य फारसे लागत नाही. घाटात चाळिसाने, एकाही प्रवाशाला धक्का न लावता जाण्यात ते सारे लागते. गाडीत गंमत असते ती इथे. हे त्याने स्वतःहून म्हटले, आम्ही सुचविले नव्हते.

घाटमाथ्यावर राज्य बदलते. हातगडाचा किल्ला दिसला आणि पाट्यांवरची अक्षरे मराठी झाली. कनाशी, अभोणा करीत दुपारी नांदुरीस पोहोचलो. गडावर देवीचे दर्शन झाले. वहिनींनी ओटी भरली आणि उरलेल्या हळदी-कुंकवाची दोन बोटे गाडीच्या बॉनेटवर ओढली. परतताना उतार होता. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पुतण्याने पाळला. डिझेलचे इंजिनच गाडीला आवरून धरीत होते. घाट संपल्यावर आम्ही उतरून चाकांपाशी हात नेऊन पाहिला. जळका वास नव्हता.

ज्यांना खरोखर शर्यतच लावावयाची आहे त्यांना आपल्या देशात वाट नाही असे नव्हे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईस १९९० पासून शर्यतीचा मार्ग आहे, कोइमतूरलाही आहे. तेथे शिरस्त्राण, डॉक्टर आणि नियम यांची व्यवस्था असते. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यतीस मात्र कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मोडलेल्या हाडांचा खर्च निराळा. पुतण्या आता कोइमतूरच्या एका शिबिरासाठी पैसे साठवीत आहे. जाताना इस्टेट नेणार नाही, असे त्याने आधीच जाहीर केले आहे.

नूतनीकरणासाठी गाडी पालच्या आर.टी.ओ. कार्यालयात न्यावयाची आहे. कागद तयार आहेत. इंजिनाचा क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळतो. परराज्यांत राहणाऱ्या कित्येक मराठी घरांत अशी एखादी जुनी गाडी, शिलाईचे यंत्र, नाहीतर रेडिओ कोपऱ्यात उभा असेल. तो विकण्याआधी जवळच्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला एकदा दाखवावा, आणि घरातल्या तरुण मुलाला त्या वेळी बरोबर न्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती. आमच्या घरात गाडीच्या किल्ल्या आता पुतण्याकडे असतात. रात्री नऊनंतर त्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर असाव्यात, ही वहिनींची अट आहे, आणि आजवर ती मोडलेली नाही.